भागीदारी कोणाची?

आमच्या अमडापूरसारख्या गावांत वस्ती कोणत्या टोकाला असावी, हे जातीने ठरविले. बाबासाहेबांनी शहराची वाट दाखविली, ती या गावकुसातून सुटण्यासाठी. म्हणून धारावीच्या पुनर्विकासाचा प्रश्न मी मुंबईचा प्रश्न मानत नाही. तो आपला प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईने चामडे कमावण्याचा धंदा घाण म्हणून धारावीच्या दलदलीकडे लोटला. तिथे चर्मकार, ढोर आणि कुंभार राबले. भर घालून त्यांनी जमीन उभी केली. पुढे शहरच वाढत गेले, शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल झाले आणि कडेची जागा मध्यावर आली. आता ती मोलाची ठरली आहे.

2022 साली अदानी समूहाची 5,069 कोटींची बोली सर्वाधिक ठरली. या भागीदारीत कंपनीचा हिस्सा 80 टक्के आणि शासनाचा 20 टक्के. ज्यांनी जमीन घडविली त्यांचा हिस्सा शून्य, ते 'लाभार्थी'. बलुत्यात खळ्यावरच्या धान्याचा वाटा मिळे, जमिनीचा नव्हे. येथेही तेच आहे. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशाला धारावीतच 350 चौरस फुटांचे मोफत घर मिळेल. माळ्यावरच्याला धारावीबाहेर, तेही पैसे मोजून. पूर्वी जात रेघ ओढीत असे, आज तारीख आणि मजला ओढतात. शासनाने 2024 साली या पुनर्वसनासाठी देवनारच्या कचराभूमीची 124 एकर जमीन मंजूर केली. हे गावकूस नव्हे तर काय?

पक्के घर आणि घरात संडास कोणाला नको? माझा विरोध त्याला नाही. माझी तक्रार आपल्या समीक्षेविषयीही आहे. 'गोलपिठा' (1972) आणि 'बलुतं' (1978) यांनी मुंबईचा नरक मांडला, तो खराच होता. पण आम्ही समीक्षक त्या दुर्गंधीपाशीच थांबलो. वस्तीत भोगणारा माणूस आम्हाला दिसला. शहराच्या जमिनीचे मोल वाढविणारा श्रमिक दिसला नाही. आज तीच दुर्गंधी दाखवून त्याला उठविले जात आहे आणि त्याच्या हक्काची भाषा आपल्याजवळ तयार नाही.

ती भाषा आधी घडविली पाहिजे. कार्यकर्त्यांनी शासननिर्णय वस्तीत मोठ्याने वाचावा, माळ्यावरच्या माणसालाही बोलवावे, आणि घराबरोबर भागीदारीतला हिस्सा मागावा.