लेप पक्का, पण भिंतीचं काय?

ईट हे नाव ऐकलं की हिंदी बोलणाऱ्याला वीट आठवते. पण आपल्या भूम तालुक्यातली, एकूणच या पट्ट्यातली जुनी घरं दगडमातीची. इमारतींना बळकटी देणाऱ्या एका नव्या लेपाचं सध्या फार कौतुक होतं. ते या घरांना कितपत लागू पडतं, एवढंच आज तपासू.

आधी लेपाचे गुण सांगतो. कमजोर खांबाभोवती कार्बनच्या किंवा काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीने चिकटवतात. धागा उष्णता बरीच सोसतो, पण नेहमीचं इपॉक्सी साधारण 60 ते 80 अंशांनाच मऊ पडू लागतं. आग लागली की पकड सुटली. त्याच्या जागी आता जिओपॉलिमर वापरता येतं. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोविट्स यांनी 1970च्या दशकात दिलं. औष्णिक वीज केंद्रातली राख तीव्र अल्कलीच्या द्रावणात कालवली की ती दगडासारखी घट्ट होते. ती जळत नाही. आणि राख तर आपल्या शेजारी, परळीलाच आहे.

इथवर कौतुक रास्त आहे. माझा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे: ‘कुठल्याही भिंतीला लावा.’

30 सप्टेंबर 1993ची पहाट आठवा. किल्लारी, सास्तूर. भिंती काही बारीक नव्हत्या, चांगल्या जाड होत्या. तरी पडल्या. का? भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. वर माळवदाचं मातीचं ओझं. हादऱ्याने पदर सुटले, भिंत फुगली, माळवद खाली आलं.

अशा भिंतीला बाहेरून लेप दिला, तर बाहेरचा पदर तेवढा घट्ट होईल. आतली माती मातीच राहील. शिवाय ते द्रावण कातडी भाजतं. हातमोजे, चष्मा न देता गवंड्याला कामाला लावणं हा गुन्हाच म्हणायचा.

शहरातल्या दवाखान्याच्या काँक्रीट खांबाला हा लेप जरूर द्या. आपल्या घरांना मात्र आधी आरपार दगड, भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलकं छत हवं. यात नवलाई नाही, पण जीव यानेच वाचतो.

उद्या कुणी नमुना घेऊन दारात आला, तर त्याला एवढंच विचारा: बाबा, चाचणी कसल्या भिंतीवर केलीस?