पुढचे दात

डेव्हिड स्टोरीच्या 'धिस स्पोर्टिंग लाइफ' या कादंबरीत सुरुवातीलाच नायकाचे पुढचे दात तुटतात. नाताळ अगदी तोंडावर आलेला असतो आणि त्याच्यासाठी दाताचा डॉक्टर शोधण्याची धावपळ सुरू होते. मी आधी सिनेमा पाहिला होता, तोही मोबाइलवर, तीन रात्रींत तुकड्यातुकड्यांनी. तेव्हा हा प्रसंग मला नुसती दणक्यात केलेली सुरुवात वाटला होता. कादंबरी वाचल्यावर कळलं की सगळी गोष्ट त्या दातांतच आहे.

पण आधी खेळाबद्दल. रग्बी म्हटलं की आपल्याला एकच खेळ वाटतो. प्रत्यक्षात दोन आहेत, आणि ते वेगळे झाले ते मजुरीवरून. उत्तर इंग्लंडातला खाणकामगार किंवा गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेला की त्याचा खाडा व्हायचा. खाड्याचे पैसे मिळावेत, असं उत्तरेतल्या क्लबांचं म्हणणं होतं. पैसे घेऊन खेळणं सभ्य माणसाला शोभत नाही, असं वरच्या लोकांचं. (पोट भरलेल्या माणसाला सभ्यता फार लवकर सुचते.) ऑगस्ट 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. पुढे त्यांचे नियमही बदलत गेले आणि तेरा जणांचा रग्बी लीग तयार झाला. म्हणजे या खेळाचं मूळच खाड्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाला तुफान गर्दी होऊ लागली. 1953-54 चा हंगाम बघा. चॅलेंज कपचा अंतिम सामना वेम्बलीवर 4-4 असा बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळवला 5 मे 1954 ला, ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर. दिवस बुधवार, कामाचा. नोंदलेली गर्दी 1,02,569. वॉरिंग्टननं हॅलिफॅक्सला 8-4 असं हरवलं, आणि त्याच आठवड्यात लीगच्या अंतिम सामन्यातही त्याच हॅलिफॅक्सला 8-7 असं. लाखभर माणसं आणि एवढासा स्कोअर! तेव्हा टॅकलना मर्यादा नव्हती. ती 1966 मध्ये आली. तोवर चेंडू हातात असलेला संघ आपटत, उठत, पुन्हा आपटत कितीही वेळ पुढे सरकू शकायचा. फॉरवर्डचं काम जवळजवळ हमालीचंच.

त्याच वर्षांत वेकफील्डच्या एका खाणकामगाराचा मुलगा लीड्स क्लबच्या दुसऱ्या फळीतल्या संघातून खेळत होता आणि एरवी लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकत होता. हा स्टोरी. शनिवारसाठी उत्तरेची ट्रेन, मग पुन्हा लंडन. त्यानं पुढे एक आठवण सांगितली आहे. सामन्यात चेंडू समोर पडला होता. उचलायला वाकलो तर लाथ बसणार, हे त्याला दिसलं आणि तो क्षणभर थबकला. त्याचा एक सहकारी वाकला, आणि उठला तेव्हा त्याचे ओठ फाटलेले, दात तुटलेले.

ही आठवण कळल्यावर मी कादंबरी पुन्हा उघडली. सुरुवातीला ज्याचे दात जातात तो आर्थर मेचिन म्हणजे स्टोरी नाहीच. तो न थबकलेला माणूस आहे. आणि जो थबकला, त्यानं त्याला 'मी' म्हणून लिहिलं आहे. या पुस्तकाला सर्रास कामगारवर्गीय बंडखोर तरुणाची गोष्ट म्हणून वाचलं जातं. मला ते पटत नाही. मला ते परतफेडीसारखं वाटतं. दुसऱ्यानं सोसलेली लाथ लेखक पानापानांवर आपल्या अंगावर घेऊ पाहतो, आणि ती लाथ आपली नव्हतीच हेही त्याला माहीत असतं. म्हणून मेचिनच्या बोलण्यात फुशारकी खूप आहे, पण अभिमान फारसा नाही.

लिंडसे अँडरसनचा 1963 चा सिनेमा मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पटकथा स्टोरीचीच. रिचर्ड हॅरिसला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मैदानावरची दृश्यं वेकफील्डच्या खऱ्या मैदानावर घेतलेली आहेत. तो चिखल खोटा वाटतच नाही. तरी एक बदल मला खटकतो. कादंबरीतला मेचिन वीव्हरच्या कारखान्यात लेथवर काम करतो आणि वीव्हरच क्लबही चालवतो. म्हणजे आठवड्याचे दिवस आणि शनिवार, दोन्हींचा मालक एकच. सिनेमात मेचिन खाणीत जातो. पडद्यावर खाण भारदस्त दिसते, पण तो फास सैल होतो.

त्याची भरपाई सिनेमा दुसरीकडे करतो, मिसेस हॅमंडच्या बाबतीत. मेचिन जिच्या घरी भाड्यानं राहतो ती ही विधवा. नवरा वीव्हरच्याच कारखान्यात गेला, नुकसानभरपाई नाही. त्याचे बूट ती अजून पॉलिश करून शेगडीजवळ ठेवते. कादंबरीत ती फक्त मेचिनला दिसते तेवढीच दिसते, आणि मेचिनला फार कमी दिसतं. तिचा हट्टी नकार त्याला कोडं वाटतो, आणि मला राहून राहून वाटत होतं की स्टोरीलाही ते कोडंच आहे. हा कादंबरीचा खरा दोष. सिनेमात रेचल रॉबर्ट्स एक शब्द न बोलता नुसती बुटांकडे बघते आणि हिशोब समोर येतो. मेचिनला करारावर सही करायला हजार पौंडांचा चेक मिळतो. या घरातल्या आधीच्या पुरुषाचं शरीर त्याच मालकाकडे गेलं, त्याचे मिळाले शून्य. आता दुसरा तिच्यासमोर चेक नाचवतोय. ती आनंदानं का नाचत नाही, हे त्याला कळत नाही. मला पहिल्यांदा पाहताना तिचा राग आला होता, हेही सांगून टाकतो.

शेवट दोन्हींत वेगळा आहे. सिनेमात मेचिन मैदानावर मार खाऊन उठतो आणि जड पावलांनी पुन्हा खेळात मिसळतो. दृश्य सुंदर आहे, थोडं जास्तच सुंदर. कादंबरी संपते ती ड्रेसिंग रूममध्ये. सामना झालेला आहे. तो कपडे चढवतो आणि मग खोटे दात तोंडात बसवतो.