९.८ आणायचंच होतं

"मॅडम, ९.८ नाही आलं तर मार्क जातील ना?"

संभाजीनगरातल्या एका कॉलेजात मी पीएचडी सांभाळून बीएस्सी प्रथम वर्षाची प्रॅक्टिकल्स घेते. त्या दिवशी साध्या दोलकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं होतं. दोलकाची लांबी १ मीटर. एका मुलीला २० आंदोलनांची वेळ मिळाली ३८.२ सेकंद, आणि उत्तर आलं १०.८. मी काही बोलायच्या आत तिने ३८.२ खोडून ४०.१ केलं. ९.८ 'आलं'!

तिला काय बोलणार? बीएस्सीला मीही हेच केलं होतं, आणि पूर्ण मार्क घेतले होते.

पण ते १०.८ फार बोलकं होतं. गोळा सोडताना ती 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हणत होती. त्यामुळे 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं झाली १९च. सूत्रात वेळेचा वर्ग असतो, म्हणून वेळेतली ५ टक्क्यांची चूक उत्तरात जवळपास ११ टक्के होते. म्हणजे चूक कुठे झाली, हे ते उत्तरच सांगत होतं. तिने खोडला तो पुरावा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारावर भर आहे. चौकसबुद्धी वाढवणं हे तर १९७६ पासून राज्यघटनेतलं मूलभूत कर्तव्य आहे. माझा आक्षेप धोरणावर नाही, आपल्या पद्धतीवर आहे. आपण चिकित्सक विचारावर कार्यशाळा घेतो, त्याच्या व्याख्या पाठ करून घेतो, आणि जर्नल तपासताना मात्र उत्तर जुळतंय का, एवढंच बघतो.

२१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, आणि मूर्तीवरून खाली ओघळणारा पातळ थर सगळ्यांना दिसला. पृष्ठताण पुस्तकात होताच. कमी होती ती 'रंग टाकून बघू' म्हणायची सवय. न जुळणारं रीडिंग खोडायला शिकलेल्या मुलांना ती कुठून लागणार?

साठ जर्नलं तपासायची असली की वेळ नसतो, हे मान्य. म्हणून मी एकच केलंय. उत्तर काहीही येऊ दे, 'फरक का पडला असावा' यावर दोन ओळी लिहिल्याशिवाय सही करत नाही.

त्या मुलीने शून्यापासून मोजून पुन्हा रीडिंग घेतलं. ९.७ आलं. या वेळी खोडरबर मागितलं नाही.

तुमच्या जर्नलमधलं ९.८ खरंच आलेलं होतं का?