बाप्तिस्मा घेतला, पण आज्ञा कुणाची पाळायची?

पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. पत्रं जमवली सिस्टर जेराल्डिन यांनी, संपादन अ. भि. शहा यांचं. संशोधनाची तयारी करत असाल तर वाचाच, पण जरा सावधपणे.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. खरा वाद त्यानंतरचा. जेराल्डिन यांच्या लेखी बाप्तिस्मा म्हणजे चर्चची शिकवण मान्य करणं. रमाबाईंचं म्हणणं असं, की देवाची आज्ञा पाळीन; पण धर्मगुरू सांगतील ते सगळंच देवाची आज्ञा कसं मानू? ते जोखड भारतात मोठ्या कष्टानं उतरवलंय.

म्हणजे 'आज्ञापालन' हा एकच शब्द दोघी दोन अर्थांनी वापरतात. तो न उलगडता 'रमाबाई हट्टी होत्या' असं लिहिलं, की आपण जेराल्डिन यांचंच मत उचललं. त्या वादातल्या एक पक्ष आहेत. तरी विरोधातली पत्रंही त्यांनी जपली, हे पुस्तकाचं मोठेपण.

आपल्या पेण-रोह्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना कोकणात 'शनवार तेली' म्हणत. तिथे आज्ञा चालीरीतीत टिकली. रमाबाईंनी ती ग्रंथात शोधली, आणि पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबलच मराठीत आणलं.

तेव्हा आराखड्यात 'धार्मिक आज्ञापालन' असं मोघम लिहू नका. आज्ञा कुणाची आणि तिचा अर्थ कोण सांगतंय, हे आधी लिहा.