शून्य की तुटलेली वायर? 'सैराट'चा शेवट घरी ऐकताना

दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी 'सैराट'बद्दल एक परिच्छेद लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की संगीत संवादांवर चढतं, घरी बघताना निम्मं बोलणं कळत नाही, आणि एवढ्या मोठ्या सिनेमाचं ध्वनिमिश्रण असं कसं? ते विधान आज मागे घेतोय. चूक सिनेमात नव्हती. आमच्या टीव्हीखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरात होती, आणि ती मीच करून ठेवली होती.

ती शोधता शोधता सिनेमाच्या शेवटाबद्दलही एक गोष्ट लक्षात आली, जी २०१६ साली थिएटरात लक्षात आली नव्हती. त्यामुळे हा लेख निम्मा दुरुस्तीचा आणि निम्मा समीक्षेचा आहे. सिनेमा अजून पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे शेवट सांगितलाय.

लक्षण

आमच्या सिडकोतल्या घरात टीव्हीखाली एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर उबुंटू आणि सिनेमे बघायला कोडी. कॉम्प्युटरातून एक ऑप्टिकल केबल सेकंडहँड घेतलेल्या रिसीव्हरला जाते, आणि रिसीव्हरला पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पीएचडीच्या फेलोशिपमध्ये यापेक्षा जास्त चैन बसत नाही.

तक्रार बाबांची होती. "गाणी ऐकू येतात, माणसं काय बोलतात ते कळत नाही." बाबा साठीच्या पुढचे. वाळूजच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात होते, तिथल्या मशीनच्या आवाजात. आम्ही सगळ्यांनी एकमताने निदान केलं: कान. ताईने दोनदा सांगितलं, तपासून घ्या. मीही सांगितलं. मला स्वतःलाही संवाद नीट कळत नव्हते, पण मी इंग्रजी सबटायटल्स लावून काम भागवत होतो आणि दोष सिनेमाला देत होतो. म्हणजे एकाच बिघाडासाठी मी बाबांचे कान आणि अजय-अतुल, दोघांनाही आरोपी केलं होतं.

बाबा मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "अरे, बातम्या नीट कळतात मला." हे वाक्य कुणी प्रयोगशाळेत बोललं असतं तर मी लगेच वहीत लिहिलं असतं. तेच माणूस, तेच कान, तेच स्पीकर, एक स्रोत कळतो आणि दुसरा कळत नाही. घरात आम्ही ते ऐकून सोडून दिलं. पुढे पुढे बाबा सिनेमा लागला की गच्चीवर जाऊन बसायला लागले.

शोध

गेल्या महिन्यात एका रविवारी शेवटी बसलो. क्रम असा होता.

पहिलं, केबल. ऑप्टिकल केबल रिसीव्हरच्या बाजूने काढली की टोकाशी लाल प्रकाश दिसतो. दिसला. म्हणजे कॉम्प्युटर काहीतरी पाठवतोय.

दुसरं, म्यूट. लिनक्समध्ये डिजिटल आउटपुटचं वेगळं बटण असतं आणि ते कधीकधी बंदच असतं. इथे चालू होतं. तसंही बातम्या ऐकू येत होत्या म्हटल्यावर ते बंद असणं शक्यच नव्हतं.

तिसरं, स्पीकर-टेस्ट. हा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक चॅनलमधून त्याचं नाव बोलतो. 'फ्रंट लेफ्ट' आलं. 'फ्रंट राइट' आलं. 'फ्रंट सेंटर'च्या वेळी खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

इथे थोडं शास्त्र. सिनेमाचा सहा चॅनलचा ट्रॅक असतो तेव्हा संवाद प्रामुख्याने मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये ठेवतात. डाव्या-उजव्यात संगीत आणि आजूबाजूचा आवाज, मागच्यात वातावरण. माझी ऑप्टिकल केबल ज्या पद्धतीवर चालते ती १९८०च्या दशकातली, सीडीच्या जमान्यातली, दोन चॅनलसाठी आखलेली. सहा चॅनलचा उघडा आवाज सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट होतो (६ चॅनल × ४८,००० नमुने × १६ बिट). तो या रस्त्यावर मावतच नाही. एचडीएमआयमध्ये आठ चॅनल जातात, पण माझ्या जुन्या रिसीव्हरला एचडीएमआय नाही.

मग अशा वेळी कॉम्प्युटर काय करतो? साधारणपणे तो सेंटर थोडा कमी करून डाव्या-उजव्यात समान मिसळतो. आवाजाचं घेरलेपण जातं, पण संवाद वाचतात. मी मात्र कधीतरी "आवाज शुद्ध राहिला पाहिजे" या हट्टाने हे आपोआप मिसळणं बंद केलं होतं. परिणाम असा की केबलमधून फक्त डावं आणि उजवं जात होतं, आणि सेंटर वाटेतच टाकून दिला जात होता. आमच्या घरी आर्ची आणि परशा दोन वर्षं जे बोलत होते, तो डाव्या-उजव्यात सांडलेला त्यांचा प्रतिध्वनी होता. बातम्या मुळातच दोन चॅनलच्या, म्हणून त्या शाबूत.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. कोडीला सांगितलं की डॉल्बीचा ट्रॅक उलगडू नकोस, जसाच्या तसा पुढे पाठव. याला पासथ्रू म्हणतात. आमच्याकडच्या प्रतीतला दाबलेला ट्रॅक सेकंदाला ४४८ किलोबिटचा आहे, म्हणजे उघड्या आवाजाच्या साधारण दहावा हिस्सा. तो त्या जुन्या रस्त्यावरून आरामात जातो आणि रिसीव्हर तिकडे तो उलगडतो. रिसीव्हरवर 'डॉल्बी डिजिटल'चा दिवा लागला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पासथ्रू लावल्यावर कॉम्प्युटरवरून आवाज कमी-जास्त होत नाही, कारण बांधलेल्या गाठोड्यातलं त्याला काही दिसत नाही. तो बिघाड नव्हे.

बाबांना गच्चीवरून बोलावलं आणि 'सैराट' लावला. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, "म्हणजे माझे कान ठीक आहेत." प्रश्न नव्हता तो. मी हो म्हटलं. आई काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे जे बघितलं ते मला पुरलं.

मग शेवट आला

जवळजवळ तीन तासांच्या या सिनेमाचा शेवट बहुतेकांना आठवत असेल. हैदराबादचं घर. आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात. चहा होतो. शेजारीण लेकराला बाहेर घेऊन गेलेली असते, ती त्याला परत आणून सोडते. ते आत येतं, आईबाप बघतं, रडतं. रडणं ऐकू येत नाही. ते चालत बाहेर जातं आणि मागे रक्ताने भरलेली पावलं उमटत जातात. सगळं निःशब्द.

बाबा उठले. "गेला परत आवाज." टीव्हीमागे जाऊन केबल हलवून बघायला लागले.

मला हसू आलं नाही, कारण दिवसभर मीही तेच करत होतो. २०१६च्या मे महिन्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मी हा सिनेमा भरलेल्या थिएटरात पाहिला होता. 'झिंगाट'ला लोक उभे राहून नाचले होते. शेवटी कुणीही मागे वळून प्रोजेक्टरच्या खोलीकडे पाहिलं नव्हतं. यंत्र बिघडलं असेल अशी शंकासुद्धा आली नाही. शेजारचे तीनशे लोक गप्प होते, तेच प्रमाणपत्र होतं. घरात ते प्रमाणपत्र नसतं. घरात शांतता आली की आधी संशय येतो तो यंत्रावर. हे घरी सिनेमा बघण्याचं खरं नुकसान आहे, आणि ते स्पीकर महागडे घेऊन भरून निघत नाही.

मी म्हटलं, "बाबा, रिसीव्हरचा दिवा बघा." डॉल्बीचा दिवा चालू होता. केबल खरंच निघाली असती तर तो विझला असता.

ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या केबलमध्ये शांतता म्हणजे काहीच न जाणं नव्हे. शून्य असो की एक, प्रत्येक बिटच्या सुरुवातीला सिग्नल पलटतोच, नाहीतर पलीकडच्याला ताल सापडणार नाही. सेकंदाला ४८,००० चौकटी, प्रत्येक चौकट ६४ बिटची. म्हणजे पूर्ण शांततेतसुद्धा सेकंदाला ३०,७२,००० बिट त्या तारेतून धावत असतात. डॉल्बीच्या ट्रॅकचंही तसंच. ३२ मिलिसेकंदांचा एकेक तुकडा, आणि ४४८ किलोबिटला प्रत्येक तुकडा १,७९२ बाइटचा. 'झिंगाट'च्या कल्लोळाला जेवढे बाइट, तेवढेच त्या लेकराच्या न ऐकू येणाऱ्या रडण्याला.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग चार मिलीअँपसारखंच की."

जे इन्स्ट्रुमेंटवाले नाहीत त्यांच्यासाठी: कारखान्यात टाकीची पातळी किंवा दाब मोजणारं उपकरण आपलं माप ४ ते २० मिलीअँप करंटच्या रूपात कंट्रोल रूमला पाठवतं. टाकी रिकामी असेल तर ४, भरलेली असेल तर २०. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण मग रिकामी टाकी आणि तुटलेली वायर यांत फरकच कळणार नाही. ४ म्हणजे "मी जिवंत आहे आणि टाकी रिकामी आहे." ० म्हणजे वायर गेली. माझ्या गॅस सेन्सरच्या कामातही पहिला धडा हाच असतो: 'गॅस नाही' आणि 'सेन्सर मेला' या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

जिवंत शून्य

बाबांच्या त्या एका वाक्याने मला 'सैराट'चा शेवट नव्याने दिसला. नागराज मंजुळे यांनी शेवटी नुसता आवाज काढून टाकलेला नाही. पडद्यावर एक उघडं, रडणारं तोंड ठेवलंय. त्या खोलीत आवाज आहे हे आपल्याला दिसतंय, आणि तो आपल्यापर्यंत येऊ दिलेला नाही. ते तोंड म्हणजे चार मिलीअँप. ते नसतं, नुसतंच रिकामं घर दाखवून आवाज बंद केला असता, तर ती शांतता 'सिनेमा संपला' इतकीच वाटली असती. इथे वायर जोडलेली आहे. पलीकडून माप येतंय. माप शून्य आहे.

दुसरं असं की शून्याला अर्थ यायचा तर पट्टीचं वरचं टोकही माहीत लागतं. उपकरण कॅलिब्रेट करताना शून्य आणि पूर्ण स्केल, दोन्ही लावावे लागतात. या सिनेमाचा पूर्वार्ध हे पूर्ण स्केल लावण्याचं काम करतो. त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला गेला. गावातल्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोराला सिम्फनी मिळते! मला तेव्हा ही उधळपट्टी वाटली होती. आता सेंटर चॅनल जागेवर आल्यावर ऐकलं तर बोलणं आणि वाद्यवृंद एकमेकांना नीट जागा देतात. हैदराबादला गेल्यावर गाणी थांबतात. आर्चीच्या कानावर न कळणारी भाषा, वस्तीतला गोंगाट, भांडण. काटा खाली येत जातो. म्हणून शेवटचं शून्य ही धक्का द्यायची युक्ती आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते माप हळूहळू तिथे पोचलेलं असतं, आपलंच लक्ष चहाच्या कपांकडे असतं.

एक आक्षेप मात्र कायम आहे. पूर्वार्धात संथगती दृश्यं आणि तंतुवाद्यांची लाट ही जोडी फार वेळा येते. पात्रांना काय वाटतंय हे त्यांच्या चेहऱ्यावर येण्याआधीच व्हायोलिन सांगून टाकतात. पूर्ण स्केल एकदा लावला की पुरतो, तो चार-चारदा दाखवावा लागत नाही. पण हा आक्षेप निवडीबद्दलचा आहे. 'बोलणं कळत नाही' हा माझा आधीचा आक्षेप चुकीच्या मापावर उभा होता, आणि चुकीच्या मापावरची समीक्षा कितीही सफाईने लिहिली तरी चुकीचीच.

तुमच्या घरी

गाणी दणक्यात आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील, तर सिनेमाला किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोष देण्याआधी एवढं करा. बातम्या कळतात का ते विचारा. स्पीकर-टेस्ट लावून प्रत्येक चॅनल बोलतो का बघा. ऑप्टिकल केबल असेल तर पासथ्रू लावा, आणि फक्त दोनच स्पीकर असतील तर प्लेअरला तसं खरं सांगा, म्हणजे तो सेंटर मिसळून देईल. त्यानंतरही कळत नसेल तर कान जरूर तपासा. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी ऐकू येतात हे खरंच आहे. फक्त तपासणीचा क्रम चुकवू नका.

त्या रविवारी बाबांनी शेवट पुन्हा लावायला सांगितला. "चहापासून लाव." दुसऱ्यांदा ते उठले नाहीत. पावलं दाराबाहेर गेली, पडदा काळा झाला, दिवा चालूच होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या पोराला ऐकायला कुणी नाही, म्हणून आवाज नाही ठेवला."

यावर माझ्याकडे जोडण्यासारखं काही नाही. जुना परिच्छेद आज काढून टाकतोय.