चाळीस-पंधरानंतरचं टेनिस

१४ जुलै २०१९च्या रात्री परळच्या आमच्या खोलीत टीव्ही एक होता आणि फायनल दोन. लॉर्ड्सवर वर्ल्ड कप, विम्बल्डनला फेडरर-जोकोविच. पाचव्या सेटमध्ये ८-७, फेडररची सर्व्हिस, ४०-१५. म्हणजे दोन चॅम्पियनशिप पॉइंट. बाबा म्हणाले, "झालं. लाव आता क्रिकेट," आणि रात्रपाळीला निघाले. सकाळी निकाल कळल्यावर त्यांनी विचारलं, "अरे, असं कसं झालं?" मला सांगता आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ती मॅच आम्ही यूट्यूबवर अख्खी पाहिली. चार तास सत्तावन्न मिनिटं, चार रात्रींत, एकच इअरफोन वाटून.

हायलाइट्स मी त्याआधी अनेकदा पाहिले होते. त्यात ही फेडररचीच मॅच वाटते. आकडेही त्याच्याच बाजूचे: पॉइंट २१८ विरुद्ध २०४, एस २५ विरुद्ध १०. तरी जोकोविच ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जिंकला. तिन्ही टायब्रेक त्याचे. टेनिसमध्ये सगळे पॉइंट सारख्या वजनाचे नसतात. हायलाइट्स नेमकं हेच लपवतात, कारण तिथे प्रत्येक फटका सारखाच देखणा असतो.

रिप्लेतही खोट आहे. खालची लाल पट्टी आधीच चुगली करते: व्हिडिओ एवढा लांब, म्हणजे पाच सेट होणार. शिवाय स्क्रीनवर दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद गायब. मी मारायचो. बाबा हात धरायचे. टॉवेल, नुसते चेंडूचे टप्पे, खुर्चीतली दीड मिनिटं. त्यांचं म्हणणं, माणूस घाबरलाय की नाही ते तिथेच दिसतं. खरं होतं. विलंबित गाळून नुसत्या ताना ऐकाव्यात, तसं मी इतकी वर्षं टेनिस पाहत होतो.

चौथ्या रात्री ४०-१५ आलं. पहिल्या पॉइंटला फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला तो नेटवर आला आणि जोकोविचने चेंडू त्याच्या बाजूने क्रॉसकोर्ट काढला. संपलं. "म्हणजे मी चपला घालत होतो तेव्हा," बाबा म्हणाले.

मला वाटत होतं, फेडरर तिथेच हरला. हायलाइट्सने तेच शिकवलं होतं. पण त्यानंतर तो १२-१२पर्यंत खेळला. ११-११ला त्याला ब्रेक पॉइंटही मिळाले होते. अडतीसाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता, आणि हातातली ट्रॉफी निसटल्यावर हा माणूस पुन्हा पुन्हा सर्व्हिसला उभा राहत होता. टायब्रेक ७-३ गेला, पण ती मधली अडीअडीची झुंज मी कधी पाहिलीच नव्हती.

व्हिडिओ संपला. बाबांनी इअरफोन काढून दिला. "हुकल्यावरही खेळला की रे," म्हणाले. पाच वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं होतं.