जिजाईचा हिशोब : 'संत तुकाराम' पुन्हा पाहताना

फेलोशिप पाच महिने आली नव्हती तेव्हा घरी फोन केला की आई म्हणायची, "पांडुरंग बघेल." आणि दोन दिवसांत खात्यावर पैसे यायचे. ते पांडुरंगाने कुठून आणले, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांतच प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पुन्हा पाहिला. तुम्ही पीएच.डी.ला प्रवेश घ्यायच्या तयारीत असाल, तर एकदा जरूर पाहा. भक्तिपट म्हणून पाहिलात तरी चालेल, पण लक्ष जिजाईवर ठेवा.

दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम इतका शांत आहे की हा माणूस अभिनय करतोय असं वाटतच नाही. देव देईल, ही त्याची भूमिका. जिजाई झालेल्या गौरीबाईंकडे मात्र पोरं आहेत, म्हैस आहे आणि रिकामी मडकी आहेत. मूल आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात जाते. आपण हसतो, पण तिचा प्रश्न बिनतोड आहे: देणारा जर तू आहेस, तर अजून दिलं का नाहीस?

माझी तक्रार आहे ती चमत्कारांबद्दल. शेतराखणीच्या प्रसंगात पीक नासतं आणि मग धान्याच्या राशी लागतात. ट्रिक फोटोग्राफी त्या काळाच्या मानाने फार सफाईची आहे, पण वाद तिथे फुकटात मिटतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, जिजाईने प्रयोगातली अडचण दाखवली आणि दिग्दर्शकांनी उत्तर म्हणून फक्त एक चांगला ग्राफ लावला. (असे पेपर तुम्हालाही वाचायला मिळतील.)

खुद्द तुकोबांचं आयुष्य याहून कठीण होतं. १६३०-३२ च्या दख्खनच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, असं परंपरा सांगते. तेव्हा राशी लागल्या नाहीत. चित्रपटाची गोष्ट त्यानंतरची आहे. पुढे या माणसाने सावकारीच्या खतपत्रांतला भावाचा अर्धा वाटा भावाला देऊन आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला, हीही परंपरेतलीच गोष्ट. मला ती सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठी वाटते. ज्या कुळांची कर्जं त्या दिवशी बुडाली, त्यांना देवाने दिलं असंच वाटलं असणार. दिलं होतं एका वाण्याने, स्वतःचं येणं सोडून. आणि त्याची किंमत त्याच्या घरच्या चुलीने मोजली.

ही दुसरी बाजू चित्रपटाला कळलेली आहे, म्हणून तो आजही टिकतो. शिवाजी महाराजांचा नजराणा तुकाराम परत पाठवतो तेव्हा त्याचा त्याग आपल्याला पटतो, पण जिजाईचा जीव तुटतो तोही पटतो. दोघांपैकी कुणाची टवाळी होत नाही. शेवटी गरुडाच्या विमानातून तुकाराम वैकुंठाला जातो आणि ती मागे राहते. गाथेचे अभ्यासक त्या विमानाबद्दल काय म्हणायचं ते म्हणोत, मला तर त्या रात्री तिच्या घरी चूल कशी पेटली असेल हाच प्रश्न पडतो.

संशोधनाला येताना 'होईल काहीतरी' हा विश्वास लागतोच, त्याशिवाय कुणी पाच-सहा वर्षं या कामात घालवणार नाही. जेआरएफचा आकडा २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, आणि तो वाचून घरचे खूश होतात. पण तो दर महिन्याला येईलच असं धरून चालू नका. आणि रखडलाच, तर त्या महिन्यात 'देव' कोण होणार आहे, हे आधी विचारून ठेवा.

मी उशिरा विचारलं. आईने भिशीचे पैसे आधी उचलले होते, आणि एकदा मावशीकडून घेतले होते. "पांडुरंगानेच सुचवलं," ती म्हणाली. मी वाद घातला नाही. मावशीचे पैसे अजून द्यायचे आहेत.